जुन्या आरएक्स-७ चं ऑइल कूलर बदलायचं आहे? आधी हे वाचा

भारतात माझदा म्हटलं की जुन्या लोकांना स्वराज माझदाचा ट्रक आठवतो. रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या त्रिकोणी रोटरवर चालणारी, आरएक्स-७ ही स्पोर्ट्स कार कंपनीने आपल्याकडे कधी विकलीच नाही. पण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाला ही तीस-पस्तीस वर्षांची गाडी परवडेल अशा भावात दिसते, तो ती घेतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तापमानाचा काटा वर चढायला लागतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. पाना हातात धरायची सवय आहे, साध्या गाडीचं ऑइल स्वतः बदललं आहे, पण रोटरीला अजून हात लावलेला नाही, एवढी तयारी गृहीत धरली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, रोटरीत ऑइल कूलर हा दुसरा रेडिएटरच असतो. साध्या इंजिनात ऑइल मुख्यतः वंगणाचं काम करतं, उष्णता बाहेर नेतं ते पाणी. रोटरीत मधला त्रिकोणी रोटर फिरता असतो, त्याच्यापर्यंत पाणी पोहोचूच शकत नाही. मधल्या शाफ्टमधल्या बारीक जेटमधून रोटरच्या पोकळीत ऑइलचा फवारा मारला जातो आणि रोटर थंड राहतो तो तेवढ्यावरच. म्हणून इंजिनाची बरीच उष्णता ऑइलमधून बाहेर पडते. ऑइल कूलर बंद पडलं तर रेडिएटर कितीही मोठा बसवा, उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, हे इंजिन गरम झालं की माफ करत नाही. त्याची बांधणी थरांची आहे. बिडाच्या जाड प्लेटा, त्यांच्यामध्ये अॅल्युमिनियमची घरं, आणि हे सगळं लांबलचक बोल्टांनी एकत्र आवळलेलं. अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. त्यातून रोटरीत स्फोट नेहमी घराच्या एकाच बाजूला होतो, थंड हवा नेहमी दुसऱ्या बाजूने येते, म्हणजे एक बाजू सतत तापलेली आणि दुसरी सतत थंड. थरांच्या सांध्यात पाणी अडवायला रबरी कडी असतात, त्यांना कूलंट सील म्हणतात. इंजिन एकदा फार तापलं की ही कडी कडक होतात, चपटी होतात, आणि पाणी ज्वलनाच्या जागेत शिरायला लागतं. साध्या इंजिनात हेड गॅस्केट बदलून भागतं. इथे इंजिन उतरवून पूर्ण खोलावं लागतं. दोनशे डॉलरचा भाग वाचवायला गेलेला माणूस काही हजारांत अडकतो तो असा.

कोणती गाडी

आरएक्स-७ च्या तीन पिढ्या झाल्या. पहिली १९७८ ते १९८५, तिला एफबी म्हणायची पद्धत आहे. दुसरी १९८५ ते १९९१ ची एफसी, तिसरी १९९१ ते २००२ ची एफडी. खालची कृती एफसीला धरून लिहिली आहे. सुमारे २ लाख ७२ हजार एफसी बनल्या, भंगारवाल्यांकडे तिचे भाग अजून मिळतात, आणि तिचं एकच ऑइल कूलर रेडिएटरच्या खाली, बंपरच्या मागे सरळ हाताशी येतं. शिकायला यापेक्षा सोयीची जागा नाही.

एफबीवाल्यांनी एक बघून घ्या. १२ए इंजिनाच्या शेवटच्या काही वर्षांच्या गाड्यांत पुढे हवेवर चालणारं कूलर नसतं. ऑइल फिल्टरच्या बुडाशी एक गोल डबा असतो, त्यात गाडीच्या पाण्यानेच ऑइल थंड होतं. आकारावरून लोक त्याला 'बीहाइव्ह' म्हणतात. हा डबा आतून फुटला तर ऑइल पाण्यात आणि पाणी ऑइलमध्ये जातं. तो डागडुजी करत बसण्यासारखा नाही. काढून टाका आणि पुढे हवेचं कूलर बसवा. बहुतेक जाणकार हेच करतात.

एफडीत काही मॉडेलना एक कूलर, तर अमेरिकेतल्या आर१, आर२ सारख्या मॉडेलना पुढच्या चाकांसमोर दोन्ही बाजूंना एक-एक अशी दोन असतात. एका कूलरची टर्बो एफडी घेऊन उन्हाळ्यात ट्रॅकवर जाणार असाल तर दुसऱ्याचा खर्च आधीच धरून ठेवा.

भाग मागवायच्या आधी तपास

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. विशेषतः एफडीचा काटा मधोमध असा काही ठाण मांडून बसतो की पाणी बरंच तापेपर्यंत हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाण्याचं तापमान, ऑइलचं तापमान आणि ऑइलचा दाब दाखवणारी तीन वेगळी मीटरं आधी बसवा. ट्रॅकवरची जुनी मंडळी साधारण असे आकडे सांगतात: पाणी ८२ ते ९५ अंश सेल्सियस असेल तर निवांत चालवा, १०५ च्या पुढे गेलं तर बाजूला घ्या. ऑइल ८० ते १०० मध्ये असावं. ११० ला पाय सैल करायचा, १२० म्हणजे गाडी थांबवायची.

मग गाडी कधी गरम होते ते लिहून ठेवा. कूलर बदलायचं की नाही हे त्यावरूनच ठरतं.

सिग्नलला उभी असताना तापते आणि वाटेला लागली की थंड होते? मग दोष पंख्याचा आहे. एफसीच्या पंख्याला सिलिकॉन ऑइलचा क्लच असतो. गरम इंजिन बंद करून हाताने पंखा फिरवा. अडखळत, जड फिरायला हवा. एकदा ढकलल्यावर गरगर फिरत राहिला तर क्लच गेला.

उलट गावात ठीक आणि हायवेवर तापते? मग गाडीच्या पोटाखाली बघा. इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं पान, म्हणजे अंडरट्रे, जागेवर आहे का? जुन्या एफसीत ते बहुतेक वेळा नसतंच, कारण ऑइल बदलताना कुणीतरी काढलं आणि परत बसवायचा कंटाळा केला. ते पान गाडी स्वच्छ राहावी म्हणून दिलेलं नाही. ते नसेल तर पुढून आलेली हवा रेडिएटरमधून न जाता खालून निसटते. या एका पानापायी रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सगळं बदलून दमलेली माणसं आहेत.

पाणी ठीक आहे, पण घाट चढताना किंवा टर्बोचा दाब लावल्यावर ऑइल तेवढं तापतं, आणि थांबल्यावर ऑइलचा दाब नेहमीपेक्षा कमी दिसतो? किंवा पुढच्या बंपरखाली ऑइलचे थेंब पडतात? तेव्हाच ऑइल कूलरकडे बोट दाखवा.

आणि एक तपासणी टाळायची नाही. थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, पाण्याच्या जादा टाकीत सतत बुडबुडे येतात, किंवा गळती कुठेही दिसत नसताना पाणी कमी होऊन डॅशबोर्डचा बझर वाजतो, असं काही असेल तर कूलंट सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी. पाण्याच्या तोंडाशी धरायची रासायनिक चाचणी बाजारात मिळते. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर तिचा निळा द्रव पिवळा होतो. तसं निघालं तर नवं कूलर घेऊ नका. ते पैसे इंजिनासाठी ठेवा.

याच्या उलट, ऑइल भरायच्या तोंडाशी पांढरट फेस दिसला म्हणून लगेच घाबरू नका. थंडीत रोज थोडंच अंतर चालणाऱ्या रोटरीत वाफ साचून तिथे असा थर जमतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर गाडी एकदा लांब फिरवून आणा आणि पुन्हा बघा. डिपस्टिकवरसुद्धा दुधाळ ऑइल असेल तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

थर्मोस्टॅट: इथे हुशारी नको

गाडी तापते म्हटल्यावर थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला जगात सगळीकडे मिळतो. रोटरीत तो उलटा पडतो. या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला खाली एक चकती असते. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटर टाळून आडवाटेने फिरतं, आणि थर्मोस्टॅट उघडला की तीच चकती ती आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला तर आडवाट कायम उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथे घोटाळतं आणि गाडी जास्तच तापते. दुसऱ्या गाडीचा, खालची चकती नसलेला, मापात बसतो म्हणून घातलेला थर्मोस्टॅटही तेच करतो. खास या इंजिनासाठीचा, ८२ अंशांचा घ्या, आणि हवा सुटायची बारीक पिन वरच्या बाजूला येईल असा बसवा.

पाणी भरायच्या तोंडाचं झाकण जुनं असेल तर त्याच वेळी बदला, फार स्वस्त असतं. पट्टेही बघा. बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर चालतात, म्हणून चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागला की वीज गेली एवढंच समजू नका. पाणीही थांबलं असेल. तिथल्या तिथे इंजिन बंद करा.

कूलर निवडताना

चांगल्या अवस्थेतलं मूळ एफसीचं कूलर मिळालं तर तेच घ्या. अॅल्युमिनियमचं, जाड आणि रस्त्यावरच्या वापराला पुरेसं असतं. शिवाय त्याच्या आतच थर्मोस्टॅट असतो. ऑइल थंड असेपर्यंत तो ते जाळीतून न नेता सरळ परत पाठवतो. थंड प्रदेशात राहणाऱ्याला याचं महत्त्व लगेच कळेल, कारण ५० अंशांवर अडकलेलं ऑइल इंजिनाला चांगलं नसतं. बाजारातली सर्वसाधारण कूलरं या थर्मोस्टॅटशिवाय येतात. तसं घेतलंत तर ऑइलचा थर्मोस्टॅट वेगळा लावा.

जुनं कूलर घेताना जाळीच्या पातळ पट्ट्या (फिन) वाकल्या असतील तर चालेल, हळूहळू सरळ करता येतात. पण जोडणीच्या तोंडाचे आटे आणि त्या तोंडाच्या मुळाशी असलेला जोड नीट बघा. कुणीतरी एकाच पान्याने जोर लावून नळी सोडवलेली असली तर तिथेच बारीक चीर असते. विकणाऱ्याला दाबाने तपासून द्यायला सांगा. फुटलेल्या इंजिनाच्या गाडीतून आलेलं कूलर नाकारा. त्यात धातूचा चुरा बसलेला असू शकतो आणि तो पूर्ण निघाला की नाही हे बाहेरून कळत नाही.

नळ्या नव्याच घ्या. स्टीलची जाळी असलेल्या घेणार असाल तर दहा नंबरच्या (एएन-१०) घ्या. आठ नंबरच्या स्वस्त पडतात, पण ऑइलची वाट अरुंद करतात, आणि या इंजिनात सगळं ऑइल कूलरमधून फिरून मगच बेअरिंगकडे जातं.

प्रत्यक्ष काम

इंजिन कोमट असताना सुरुवात करा, गरम असताना नाही. आदल्या रात्री कूलरच्या दोन्ही जोडण्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी परत एकदा.

१. गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना अडसर घालून उभी करा. पुढून जॅकने उचला आणि कंपनीने सांगितलेल्या जागी दोन स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. स्टँड दिल्यावर गाडी हाताने हलवून बघा, मगच आत शिरा.

२. अंडरट्रे काढा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, कुठला कुठे होता त्याचा फोटो काढा.

३. चेंबरचा ड्रेन प्लग उघडून ऑइल सोडा. चेंबर रिकामा झाला तरी कूलर आणि नळ्यांत बरंच ऑइल उरतं. दुसरा, पसरट ट्रे कूलरखाली आताच ठेवा, नंतर हात मोकळा नसतो.

४. एक नळी इंजिनाच्या पुढच्या कव्हरकडे जाते, दुसरी मागच्या बिडाच्या प्लेटकडे. काढायच्या आधी दोन्हींवर रंगीत चिकटपट्टी लावा. नव्या नळ्या सारख्याच दिसतात, गोंधळ तिथेच होतो.

५. जोडणीभोवतीची माती ब्रशने साफ करा. उघड्या तोंडात गेलेला खडा ऑइलबरोबरच प्रवास करतो.

६. आता सगळ्यात नाजूक टप्पा. कूलरचं तोंड अॅल्युमिनियमचं, नट लोखंडाचा, आणि तीस वर्षांचं पाणी, मीठ, माती. दोन पाने लागतात: एक कूलरच्या तोंडावरच्या षटकोनावर घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावलात तर कूलरचं तोंड पिळून निघतं. नट हलत नसेल तर हीट गनने गरम करा. ऑइल सांडलेलं असताना पेटती ज्योत मुळीच नको. तरीही हलला नाही तर नळीचं इंजिनाकडचं टोक सोडवा, कूलर नळीसकट खाली काढा आणि व्हाइसमध्ये धरून निवांत सोडवा. नळी टाकूनच द्यायची असेल तर सरळ कापा. त्यात कमीपणा काहीच नाही.

७. ब्रॅकेटचे बोल्ट काढून कूलर वाकडं करत उतरवा. रबरी बुश तपासा. ते चेपलेले असतील तर कूलर थरथरून पुन्हा चीर जाते.

८. ट्रेमधलं ऑइल टॉर्चच्या उजेडात बघा. चमचमणारे कण दिसले तर काम इथेच थांबवा आणि रोटरी जाणणाऱ्या माणसाला दाखवा. कूलर बदलून ते इंजिन वाचणार नाही.

९. जुन्या कूलरची जागा जुन्याने भरणार असाल तर बसवण्याआधी ते उलट्या दिशेने रॉकेलने धुवा, निघणारं रॉकेल स्वच्छ येईपर्यंत. मग दाबाची हवा मारून वाळवा आणि शेवटच्या क्षणापर्यंत तोंडं झाकून ठेवा.

१०. बसवताना प्रत्येक नट आधी हाताने, आट्यांवर सहज जाईपर्यंत फिरवा. अडलं तर परत मागे घ्या. तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे वॉशर जिथे असतील तिथे नवेच घाला. धातूच्या निमुळत्या बसणीवर (फ्लेअर) आवळणाऱ्या जोडणीला पांढरी टेफ्लॉन टेप लावायची नाही. गळती ती बसण अडवते, टेप नाही, आणि टेपचा तुकडा सुटून ऑइलमध्ये जातो. शेवटचा आवळ वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने, पुन्हा दुसरा पाना उलट धरून.

११. नळ्यांना थोडी ढील द्या. इंजिन रबराच्या माउंटवर हलतं, ताणलेली नळी एक दिवस तोंडाशीच फाटते. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून नळी कशालाही घासत नाही ना ते बघा, आणि पट्ट्यापासून लांब ठेवा.

१२. कूलर आणि बंपर यांच्यामधली फट फोमने बंद करा. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि फरक मोठा पडतो. हवा नेहमी सोपी वाट धरते. कूलरच्या बाजूने बोटभर फट राहिली तरी ती जाळीतून न जाता तिथूनच निसटते. पुढे मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) बसवलेला असेल तर तो कूलर आणि रेडिएटरसमोर किती आडवा येतो हेही याच वेळी बघून घ्या.

पहिल्यांदा सुरू करताना

नवा फिल्टर लावा, ऑइल भरा. जुन्या रोटरीत २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल घालायची बऱ्याच जणांची रीत आहे, कारण हे इंजिन एका छोट्या पंपाने थोडं ऑइल मुद्दाम जाळतं. मॅन्युअलमध्ये तुमच्या हवामानासाठी जे दिलंय ते बघा. कूलर रिकामं असल्यामुळे नेहमीपेक्षा जास्त ऑइल लागेल, एक-दोन लिटर जवळ ठेवा.

किल्ली लगेच फिरवू नका. नळ्या आणि कूलर भरेपर्यंत बेअरिंगना ऑइल मिळत नाही. एफसीत क्रँक अँगल सेन्सरचा प्लग काढला की ठिणगीही पडत नाही आणि पेट्रोलही येत नाही. मग दहा-दहा सेकंद स्टार्टर फिरवा, मध्ये थोडी विश्रांती द्या, मीटरवर दाब दिसेपर्यंत. पेट्रोल चालू ठेवून असं कराल तर रोटरी 'फ्लड' होईल, म्हणजे आत पेट्रोल साचून रोटरच्या टोकांवरच्या सीलचं ऑइल धुऊन जाईल आणि गाडी सुरूच होणार नाही. दाब दिसला की प्लग जोडा आणि सुरू करा. एकदा सुरू झालेली रोटरी पूर्ण गरम होऊ द्या. थंड असतानाच सुरू करून लगेच बंद करणं हाही फ्लड करायचाच रस्ता आहे.

इंजिन चालू असताना दोन्ही जोडण्या टॉर्चने बघा. थेंब दिसला तर बंद करा, चालत्या इंजिनात पाना लावू नका. सगळं कोरडं असेल तर बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि पातळी भरा.

पाण्यालाही हात लावला असेल तर हवा काढणं राहिलं आहे. गाडीचं नाक थोडं उंच, हीटर पूर्ण गरमवर. भरायचं तोंड इंजिनाच्या पुढच्या बाजूला थर्मोस्टॅटजवळ आहे. डिस्टिल्ड पाणी आणि अॅल्युमिनियमला चालणारं कूलंट अर्धं-अर्धं घालून इंजिन मंद चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी अचानक खाली जाते, तेव्हा परत भरा. बुडबुडे थांबेपर्यंत घाई नको. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे सांगायला नको, तरी सांगतो.

आता अंडरट्रे परत, सगळ्या बोल्टांसकट. मग घराच्या आसपास वीसेक मिनिटं चालवा, मीटरवर लक्ष ठेवून. ऑइल गरम व्हायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत काहीही निष्कर्ष काढू नका. परत आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, दोन्ही पातळ्या बघा, जोडण्यांवरून कोरडं फडकं फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पुढचे काही आठवडे प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बाहेर काढायची. ही सवय कूलर नवं असो वा जुनं, या गाडीबरोबर कायमचीच आहे.

निघालेलं ऑइल आणि रॉकेल झाकणाच्या डब्यात भरून गावातल्या वापरलेल्या ऑइलच्या संकलन केंद्रात द्या. जुनं कूलर आतून ठणठणीत असेल, फक्त बाहेरून चेपलेलं, तर ते टाकू नका. एफबीचा बीहाइव्ह काढणाऱ्या कुणालातरी ते हवंच असतं.